बाळा घाडींची उलटतपासणी

आमच्या चाळीत सगळ्यात जास्त बडबड कोण करतं असं विचारलं, तर शेंबडं पोरही बाळा घाडींचं नाव सांगायचं. चाळ घाटकोपरच्या टेकडीखालची, बावीस खोल्यांची. मी सात नंबरात राहते. महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवलं, म्हणून सगळी चाळ मला बाई म्हणते. बाळादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, पण तेही बाईच म्हणायचे.

मूळचे मालवणकडचे. कापडगिरणीत साचावर, म्हणजे मागावर होते, संपात नोकरी गेली. मग साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर लागले आणि डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं त्या मशीनला देऊन बसले. त्या बोटांची गोष्ट त्यांनी मला निदान चाळीस वेळा सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी मशीन थोडं मोठं होत गेलं. दशावतारात काम केलेला माणूस, हातवारे केल्याशिवाय साधं पाणीसुद्धा मागायचा नाही. मला राग यायचा. वह्या तपासायला बसले की हे दारात हजर. पण चाळीत कुणाला रात्रीबेरात्री दवाखान्यात न्यायचं असलं की पहिला दरवाजा त्यांचाच वाजायचा.

अशाच एका उपकारापायी ते कोर्टात अडकले. त्यांचा मित्र भाऊ राऊळ याने १९९८ साली आमच्या चाळीतली अकरा नंबरची खोली घेतली. खोलीच्या जुन्या मालकाने स्टॅम्पपेपरवर सही केली आणि साक्षीदार म्हणून दोघांनी सह्या केल्या. त्यातले एक बाळादा. खोली भाऊंच्या नावावर करायची तेवढी राहिली, आज करू, उद्या करू म्हणत. तोवर जुना मालक वारला आणि मालाडला राहणारा त्याचा मुलगा उगवला. म्हणाला, ही सही माझ्या बापाची नव्हेच, बघा किती वाकडी आहे. खोली रिकामी करा.

भाऊंनी २००४ साली दावा लावला. कोर्टाने ‘जैसे थे’चा हुकूम दिला. म्हणजे भाऊ आणि त्यांची बायको रत्नप्रभा राहतात तिथे राहू देत, पण निकाल लागेपर्यंत खोलीला हात लावायचा नाही. तेव्हा सगळ्यांना वाटलं, चला, निम्मं काम झालं. रत्नप्रभाने पेढे वाटले होते. मीही खाल्ला.

सही वाकडी का, हे बाळादांना पक्कं ठाऊक होतं. ती गोष्ट ते अशी सांगायचे: “रविवार होतो, बाई. दिवेलागण. मालकाचो पेन चलाक नाय, म्हणान मी माझो दिलंय. तो सही करुक लागलो आणि लाईट गेली! मी म्हटलंय, थांब रे, मेणबत्ती हाडूक दी. तर माका म्हणता, माझा नाव माका काळोखातय लिहूक येता. आणि लिहिल्यान! म्हणान ती सही वाकडी.” हे सांगताना ते डोळे मिटून हवेत सही करून दाखवायचे. ऐकणाऱ्याला तो काळोख दिसायचा. त्यांच्या इतर गोष्टी दर वेळी वाढायच्या, ही मात्र कधी एका शब्दानेही वाढली नाही.

ही गोष्ट न्यायाधीशांच्या कानावर घालायला किती वर्षं लागावीत? मी नागरिकशास्त्राची बाई. वेळेत न्याय मिळणं हा माणसाचा हक्क आहे, असं मी फळ्यावर लिहून दिलं आहे आणि त्यावर चार मार्कांचा प्रश्नही काढला आहे. आज त्या पोरांसमोर उभं राहायची मला लाज वाटते. सात वर्षं नुसती वादाचे मुद्दे ठरवण्यात गेली. दुसरा साक्षीदार त्याआधीच वारला. २०१६ मध्ये बाळादांचं प्रतिज्ञापत्र दाखल झालं. चार परिच्छेद. आता फक्त समोरच्या वकिलाने त्यांना उलट प्रश्न विचारायचे, म्हणजे उलटतपासणी, एवढंच बाकी होतं. एका दुपारचं काम.

ती दुपार यायला नऊ वर्षं लागली. कधी समोरचे वकील आजारी, कधी त्यांच्या घरी लग्न, कधी न्यायाधीशांची बदली, कधी ती खुर्चीच वर्षभर रिकामी. भाऊ २०१७ मध्ये गेले तर त्यांच्या जागी रत्नप्रभाचं नाव लावून घ्यायला दीड वर्ष गेलं. नंतर करोना. दर तारखेला बाळादा इस्त्रीचा सदरा घालून निघायचे आणि संध्याकाळी तसाच इस्त्रीचा सदरा घेऊन परत यायचे. “काय झालं?” विचारलं की म्हणायचे, “तारीख दिल्यानी.” जणू प्रसादच मिळाला.

मधल्या काळात त्यांची बायको शांताबाई गेली. मुलगा सिद्धेश म्हणाला, “बाबा, गावचं घर उघडूया. तिकडे काका आहेत, सगळे ओळखीचे आहेत. इथे काय ठेवलंय?” गावाला जायला बाळादा एका पायावर तयार असायचे. पण त्या दिवशी त्यांनी मान हलवली. “भाऊक शब्द दिलंय. साक्ष दिल्याबिगर जावचंय नाय.” हे बोलणं माझ्याच दारात चाललं होतं आणि रत्नप्रभा तिथे उभी होती. तिने पदराने डोळे पुसले. तिला मूलबाळ नाही, माहेर उरलेलं नाही. जगात तिच्याकडे अकरा नंबरची खोली होती आणि ती खोली तिची आहे हे सांगू शकणारा हा एकच माणूस.

२०२२ च्या गणपतीनंतर एकदा सिद्धेशची बायको श्वेता धावत माझ्याकडे आली. बाळादा सकाळपासून घरी नव्हते. संध्याकाळी ते साकीनाक्याला सापडले. बंद पडलेल्या वर्कशॉपच्या शटरसमोर, हातात डबा घेऊन. पाळी सुरू व्हायची वाट बघत होते. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, विसरण्याचा आजार आहे, तो वाढत जाणार. रोजच्या ओळखीच्या माणसांत आणि शक्य तर जुन्या जागेत ठेवा. म्हणजे गावी न्या, असाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही सगळे आमचे वकील सुबोध यांच्याकडे गेलो. सुबोध वाईट माणूस नाही, थकलेला आहे. तो म्हणाला, “साक्ष घरी येऊन घ्या असा अर्ज टाकतो. पण तोवर त्यांना गावी नेऊ नका. तारखेला साक्षीदार नसला तर प्रतिज्ञापत्राची किंमत शून्य होईल.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “आणि बाई, प्रतिज्ञापत्रात आहे तेवढंच त्यांच्या लक्षात राहू द्या. जास्तीचं नको. लाईट गेली, पेन दिला, त्या गोष्टी निघाल्या की समोरचा शंभर फाटे फोडतो.” घरी साक्ष घेण्याच्या अर्जाला समोरच्यांनी हरकत घेतली. त्या अर्जाचा निकाल लागायला चौदा महिने लागले. नामंजूर.

सिद्धेश तेव्हा रत्नप्रभाला तोंडावर म्हणाला, “काकी, तुमच्या खोलीसाठी माझा बाप इथे कुजतोय.” त्याच सुमारास चाळ पाडून नवी इमारत करायचं ठरलं होतं. बाकी सगळ्यांचे करार झाले. यादीत अकरा नंबरपुढे बिल्डरच्या माणसाने ‘वादग्रस्त’ असा शिक्का मारला. खोली ज्याची ठरेल, त्यालाच नवं घर. मी सिद्धेशला म्हटलं, “एवढी एक तारीख जाऊ दे. मी बघते त्यांच्याकडे.” फुशारकीच ती. मला वाटलं, मी साठ-साठ पोरांच्या वर्गाकडून कविता पाठ करून घेतल्यात, चार परिच्छेदांचं काय घेऊन बसलात!

रोज दुपारी चार वाजता बाळादा माझ्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि मी शिकवणी घ्यायचे. “मी सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की, दिनांक अकरा ऑक्टोबर एकोणीसशे अठ्ठ्याण्णव रोजी...” सुरुवातीला ते भांडायचे. मध्येच म्हणायचे, “आणि मगे लाईट गेली...” मी लगेच थांबवायचे, “बाळादा, ते नको. कागदावर आहे तेवढंच.” “पण तां खरा आसा मा, बाई!” “खरं आहे हो. पण नको.” मग परत पहिल्यापासून. चुकले की परत पहिल्यापासून. एकदा ते रागावून उठून गेले, दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी शहाण्या मुलासारखे येऊन बसले.

हळूहळू लाईटची गोष्ट यायची थांबली. एके दिवशी त्यांनी चारही परिच्छेद धडाधड म्हटले, कुठेही न अडखळता, कुठेही न भरकटता, हात मांडीवर ठेवून. मला तेव्हा बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण बरं वाटलं. मी त्यांना शाबास म्हटलं.

त्यानंतरच्या वर्षभरात त्यांच्या डोक्यातून एकेक माणूस निघून गेलं. सिद्धेशला ते आपला गावाकडचा धाकटा भाऊ समजायला लागले. श्वेताला विचारायचे, तू कोणाची गे? दिवसातून वीस वेळा विचारायचे, शांता खंय गेली? बोटांची गोष्ट गेली, दशावतार गेला, गिरणी गेली. उरले ते चार परिच्छेद. मधूनच, जेवताना, न्हाणीघरात, त्यांचा आवाज यायचा, “मी सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की...” चाळीतली पोरं हसायची. मी त्यांना ओरडायचे.

गेल्या जूनमध्ये तारीख लागली आणि चक्क सगळे हजर होते. न्यायाधीश होते, सुबोध होता, समोरच्या बाजूने निधी नावाची एक तरुण वकील होती. जुन्या वकिलांनी तिच्याकडे काम सोपवलं होतं. आमचा दावा दाखल झाला तेव्हा ती बालवाडीत असेल. बाळादा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. रत्नप्रभा माझ्या शेजारी बाकावर होती. तिचा हात माझ्या हातात होता.

निधीने अगदी आदराने विचारलं, “आजोबा, कागदावर सही झाली तेव्हा तुम्ही तिथे होता?”

बाळादांनी पहिला परिच्छेद म्हटला. स्वच्छ, शुद्ध, पुस्तकी मराठीत. जन्मात ते तसं बोलले नव्हते.

“सही अशी वाकडी का आहे?”

त्यांनी तिसरा परिच्छेद म्हटला. “सदर इसमाने माझ्या समक्ष, राजीखुशीने, कोणत्याही दडपणाविना सही केली.”

“ते कळलं. पण वाकडी का?”

“सदर इसमाने माझ्या समक्ष, राजीखुशीने, कोणत्याही दडपणाविना सही केली.”

न्यायाधीशांनी कागदावरून मान वर केली. अहो, लाईट गेली होती! असं मला उठून ओरडावंसं वाटलं. पण मी तिथे नव्हते. मी फक्त ऐकलेलं. ऐकलेल्याला तिथे किंमत नाही. ज्याने पाहिलं होतं त्याच्या तोंडून ते मीच पुसून टाकलं होतं, रोज दुपारी चार वाजता.

निधीने आवाज खाली आणला. “आजोबा, हे तुम्हाला कोणी पाठ करून दिलं?”

सुबोधने हरकत घेतली. न्यायाधीश म्हणाले, उत्तर देऊ द्या.

बाळादांनी सगळीकडे नजर फिरवली. मी दिसल्यावर त्यांचा चेहरा उजळला. सख्ख्या मुलाला न ओळखणारा तो माणूस मला ओळखत होता. “आमच्या बाईंनी,” ते अभिमानाने म्हणाले. “रोज घेतत. चुकलंय तर परत म्हणूक लावतत.”

न्यायाधीशांनी ते वाक्य टायपिस्टला सांगितलं आणि ते टाइप झालं. सुबोधने फेरतपासणीची परवानगी घेतली. त्याने विचारलं, “त्या संध्याकाळी आणखी काही घडलं होतं का? आठवून सांगा.” बाळादा आठवायला लागले. कपाळावर घाम आला. उजवा हात जरा वर उचलला गेला, बोटं कशावर तरी मिटली, मग उघडली. “शांता घराक वाट बघता,” ते म्हणाले. “माका जावंक व्हया.” झालं, तेवढंच.

बाहेर आल्यावर सुबोधने मला फार बोल लावला नाही. नुसतं म्हणाला, “पढवलेला साक्षीदार. आता ते हेच धरून बसणार.” ज्या माणसाने एकवीस वर्षं खरं बोलायची वाट पाहिली, त्याच्या नावापुढे हे लागलं. सल्ला सुबोधचा, पोपटपंची माझी, आणि वेळ कोर्टाने खाल्लेला. पण दप्तरात नोंद आहे ती फक्त बाळादांच्या नावावर. पुढची तारीख सात महिन्यांनंतरची मिळाली, युक्तिवादासाठी.

सिद्धेश रिक्षा बघायला गेला. आठवडाभरात तो त्यांना गावी घेऊन जाणार होता. ज्या घरासाठी ते झुरले, ते घर त्यांना आता ओळखू येणार नव्हतं. बाळादा कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते, इस्त्रीचा सदरा घामाने पाठीला चिकटलेला. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “बाई, खंय चुकलंय नाय मा?”

मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

रत्नप्रभा त्यांच्याजवळ जाऊन बसली. तिचं घर गेल्यात जमा होतं, आणि ते तिला कळलं होतं. तिने पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला.

“नाय हां, भावजी,” ती म्हणाली. “एकय चूक नाय केलास.”