उज्ज्वलाच्या पाहुण्या

उज्ज्वला गेल्याचा फोन तिच्या भाच्याने केला, तेव्हा मी त्याच्यावरच खेकसले, "वेड्यासारखं काहीतरी बोलू नकोस, कालच भांडलीये ती माझ्याशी!" भांडण कसलं, तर मी हॉस्पिटलमध्ये नेलेल्या खिचडीत मीठ कमी होतं म्हणून. त्याला आता महिना होऊन गेला. पेपरात 'माजी राज्यविजेती टेनिसपटू' एवढं छापून आलं... ते खरंच आहे, पण माझी छाती फुगते ती दुसऱ्याच गोष्टींनी.

आम्हा दोघींचे वडील एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला. कॉलनीतल्या सिमेंटच्या कोर्टवर साहेबलोकांचं खेळून झालं की आम्हाला खेळू द्यायचे. दुहेरीत मी तिची जोडीदार, म्हणजे खरं तर तिचा राग झेलणारी. बाई गं, काय तो राग! पंचांशी हुज्जत, रॅकेट आपटणं, हरली की माझ्याशी अबोला. पण जिंकायची अशी, की समोरचीने कानाला खडा लावावा.

खेळ सुटल्यावर ती पिंपळे सौदागरला आमच्याच सोसायटीत राहायला आली आणि थेरगावच्या कामगारांच्या मुलींना सोसायटीच्या कोर्टवर पहाटे फुकट शिकवू लागली. रॅकेट, बूट सगळं पदरचं. स्वभाव मात्र तोच. एकदा पूजा नावाच्या मुलीवर एवढी ओरडली, की पोरीने येणंच सोडलं. पूर्वीची उज्ज्वला म्हणाली असती, गेली उडत. ही मला घेऊन थेट पूजाच्या घरी गेली आणि दारातच म्हणाली, "पूजा, माझं चुकलं. उद्यापासून ये."

पूजाची आई लातूरकडची. ती गडबडूनच गेली. "अवो मॅडम, तुमी कशाला माफी मागायलाव? तिचंच चुकलं असंल."

"नाही हो, माझंच," उज्ज्वला म्हणाली आणि चहा घेऊनच उठली. ज्या तोंडातून पंचांसमोर कधी 'सॉरी' निघालं नाही, त्या तोंडातून हे! मी बघतच राहिले.

मग कमिटीने नियम काढला, कोर्ट फक्त सभासदांना आणि त्यांच्या पाहुण्यांना. सेक्रेटरी पाटीलकाका म्हणाले, "उद्या कोणीही येईल, मॅडम." रोख कुणाकडे होता हे न कळायला आम्ही काय कुक्कुली बाळं होतो? मी पदर खोचून उठलेच होते. उज्ज्वलाने हात धरून मला खाली बसवलं. "बरोबर आहे, काका. नियम तो नियम. त्या माझ्या पाहुण्या."

झालं! रोज पहाटे गेटवरून तिच्याकडे इंटरकॉम वाजायचा, प्रत्येक मुलीसाठी वेगळा. "मॅडम, पाहुणी आलीये, सोडू?" "सोडा." की लगेच पुन्हा. चार दिवसांत कंटाळेल, असं कमिटीला वाटलं असणार. पण ताप असो, गुडघे सुजलेले असोत, बाई प्रत्येकीसाठी फोन उचलायची आणि मग खाली उतरायची. हॉस्पिटलात गेली तर गेटवर मोबाइल नंबर देऊन गेली. पूजा जिल्ह्याच्या संघात निवडली गेली, तेव्हा उज्ज्वलाने पहिला पेढा तिला पाटीलकाकांकडे न्यायला लावला. "काका, तुमच्याच कोर्टवर शिकलीये." काकांनी पेढा घेतला, पण तोंडात न टाकता हातातच धरून ठेवला.

ती गेल्यावर मला घोर लागला तो मुलींचा. घराला कुलूप. आता या पाहुण्या कुणाच्या? पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे 'आता त्या माझ्या पाहुण्या' असं ठणकावून सांगायला मी भांडायच्या तयारीनेच खाली उतरले. गेटवर मुली रांगेत उभ्या होत्या, पूजा सगळ्यांत पुढे. वॉचमनच्या कानाला फोन.

"कुणाला लावलास रे?" मी दरडावून विचारलं.

"पाटीलसाहेबांना. त्यांनीच सांगितलंय, आजपासून त्यांना लावायचा."

पूजा आत गेली. त्याने पुन्हा फोन लावला. दुसरी आत गेली. पुन्हा लावला. मला राहवेना. "अरे भल्या माणसा, सगळ्यांचं एकदाच विचार ना!"

"मी बोललो तसं, ताई. साहेब म्हणाले, न्हाई. मॅडमना लावायचास ना, तसाच एकेकीसाठी लाव."

भांडायला उतरलेली मी तिथेच गेटवर रडत उभी राहिले. उज्ज्वले, जिंकलीस बाई!