ठिपकेसाहेब आणि मालकाचे कपाळ

‘ठिपकेसाहेब’ हे नाव त्यांना कारखान्याने चिडवायला दिले होते. वस्तूला न शिवता तापमान सांगणारी इन्फ्रारेड यंत्रे घडवण्यात त्या इंजिनिअरची उमर गेली. चकचकीत धातू आपली धग लपवतो आणि यंत्राला फसवतो, म्हणून मोजण्याआधी ते त्यावर काळ्या रंगाचा ठिपका देत. बायकोचे एकही पातेले त्यांच्या ब्रशातून सुटले नव्हते.

मालकाच्या डोळ्यांत हा ठिपका सलायचा. “गिऱ्हाईक यंत्र घेतं, रंगाचा डबा नाही,” म्हणत त्याने खोक्यावरची ‘आधी काळा ठिपका द्या’ ही सूचनाच काढून टाकली.

एका गिऱ्हाइकाच्या कारखान्यात ठिपकेसाहेबांना सोबत नेऊन मालकाने तापलेल्या, लखलखीत रोलरवर यंत्र रोखले. आकडा आला चाळीस.

“बघा, नुसता कोमट! ठेव रे हात बिनधास्त,” तो तिथल्या कामगाराला म्हणाला.

बोललो तर सौदा जाणार आणि नोकरीही, हे ठिपकेसाहेबांना ठाऊक होते. त्यांनी कामगाराचे मनगट धरले आणि पाहुण्यांसाठी आणलेल्या पेल्यातले पाणी रोलरवर शिंपडले. पाणी चर्रकन उडाले. गिऱ्हाइकाने तिथेच सौदा मोडला.

मालक लालबुंद झाला. “खाल्ल्या घरचे वासे मोजलेस! उद्यापासून तोंड दाखवू नकोस.”

ठिपकेसाहेबांनी यंत्र त्याच्या कपाळावर रोखले.

“चौतीस. आत एवढा जाळ, पण याला कातडीपलीकडचं दिसत नाही. मालक, हीपण सूचना खोक्यावर छापा.”

आणि यंत्र त्याच्या हातावर आदळून ते चालू लागले.