सज्जन चोराचा कोट

माझ्या भावाला एका चोराचं वेड होतं. चोर पुस्तकातला. दादा साक्रीच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होता. औषधं आणायला धुळ्याला गेला की स्टँडसमोरून भाड्यानं रहस्यकथा आणायचा आणि मी भाकरी थापत असताना मोठ्यानं वाचायचा. हा चोर कोट घालून शेठांच्या मेजवान्यांना जायचा, गप्पा मारता मारता हिरे लांबवायचा आणि कुणाला बोटही लावायचा नाही. पकडायला आलेला इन्स्पेक्टरसुद्धा आधी त्याच्याशी हात मिळवायचा. दादाला ते हात मिळवणं फार आवडायचं. मला नाही. मी म्हणायचे, दोन टोले पडले की सगळी ऐट उतरेल.

पुढे त्यावरून सिनेमा निघाला आणि आमच्याकडच्या व्हिडिओ सेंटरात लागला. पुस्तकातला चोर रक्त दिसलं की तोंड फिरवायचा. सिनेमातल्यानं सुरुवातीलाच एकाचं डोकं नळावर आपटलं, आणि लोकांनी खुर्च्यांवर उभं राहून शिट्ट्या मारल्या. दादा मध्यंतरातच उठला. "पार वाट लावली गं त्याची," म्हणाला. पण त्या कोटाची रुंद कॉलर डोक्यात बसली होती. जयंतीसाठी शिवायला टाकलेल्या कोटाला त्यानं शिंप्याकडून तशीच लावून घेतली.

आमच्या वस्तीत जयंतीला कोट लागतोच. ज्यांनी आम्हाला माणसात आणलं त्यांच्या अंगावर कोट होता, म्हणून. एप्रिलच्या उन्हात डांबर वितळत असतं, पण घामाला कोण विचारतो. दादाचा हा पहिलाच कोट. वरच्या खिशात त्यानं निळा रुमाल खोचला.

त्या वर्षी जयंती नेमकी बाजाराच्या दिवशी आली. मिरवणूक संध्याकाळी होती, वस्तीतले बाकीचे कोट तोवर पेट्यांतच होते. दादाला दम धरवत नव्हता. दुपारी हार आणायला तो कोट घालूनच निघाला, सोबत मी. सराफाच्या ओट्यावर एक बाई ओरडली की माझी सोन्याची पोत गेली. तिच्या नवऱ्यानं इकडंतिकडं पाहिलं. धोतर-टोप्यांच्या गर्दीत कोट एकच होता.

"हाऊच शे तो कोटवाला," कुणीतरी म्हणालं. "धरा त्याले."

पहिली काठी मानेवर बसली. "अहो, ऐकून तर घ्या," दादा म्हणाला, अगदी पुस्तकातल्यासारखं. दुसरी तोंडावर आली आणि दोन दात शर्टावर पडले. ज्यांनी काहीच पाहिलं नव्हतं तेही चपला काढून धावले. झटापटीत निळा रुमाल बाहेर लोंबला. आम्ही कोण ते त्यांना कळलं, आणि हात थांबायच्या ऐवजी त्यांना चेवच आला. एकानं कांद्याच्या तराजूतलं लोखंडी वजन उचललं, दादाचा उजवा पंजा ओट्याच्या दगडावर दाबला आणि हाणलं. हाडं मोडलेली मला ऐकू आली.

मी त्या वजनवाल्याच्या मनगटाला चावले. मांस तुटेपर्यंत सोडलं नाही. त्याच्या रक्ताची चव आजही आठवते, आणि खोटं कशाला बोलू, बरी वाटते.

भाजी विकणारी एक म्हातारी अक्का तेवढी दादाच्या अंगावर आडवी पडली. "मारू नका रे, मरी जाई तो." तिलाही दोन बसल्या.

मग पोत सापडली. सराफाच्याच गादीखाली सरकली होती. "सिनेमामा बी असाच कोट व्हता ना," एकजण मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, आणि वांगी निवडायला गेला.

हवालदार आला. पोत मिळाल्याचं त्याला सांगून झालं होतं. तरी त्यानं रक्तानं भिजलेली ती कॉलर दोन बोटांनी उचलली. "कोट कुणाचा उचललास?"

दादाला बोलता येत नव्हतं. मी म्हणाले, त्याचाच आहे, शिंप्याला विचारा. तर हवालदारानं खरंच माणूस पाठवून शिंप्याला बोलावलं, आणि शिंपी जेवण उरकून येईपर्यंत आम्हाला तिथंच बसवून ठेवलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी पंजा पाहिला आणि लवकर का आणलं नाही म्हणून माझ्यावरच चिडले. तीन बोटं कापावी लागली. पुड्या बांधणं गेलं, नोकरीही गेली.

पुढच्या जयंतीला दादानं पेटीतून तोच कोट काढला. कॉलरवरचे डाग निघाले नव्हते. बटणं मी लावली आणि भर दुपारी आम्ही दोघं बाजारातून निघालो. रसवंतीसमोर तोच हवालदार उभा होता. दादा सरळ त्याच्यासमोर गेला आणि उरलेल्या दोन बोटांचा हात पुढे केला.

हवालदारानं हाताकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, ओळखलं, आणि तोंड फिरवून रसवंतीत शिरला. तो रस पिऊन बाहेर येईपर्यंत दादा उन्हात तसाच हात पुढे करून उभा होता.