ब वर्गाचं स्थळ

वाचनालयातून गेलेली पुस्तकं परत येतीलच याची खात्री नसते. किस्से मात्र न मागता जमा होतात, आणि त्यांना लेट फी पण लागत नाही! मी बोळिंजच्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे, त्यामुळे माझ्याकडे पैसा सोडून सगळ्याचा साठा आहे. त्यातलेच थोडे काढतो. बिनधास्त हसा. 'शांतता राखा' ही आमची पाटी तशीही कोणी वाचत नाही.

*

'ग्रंथपाल' म्हटलं की मला आपण राज्यपालांचे चुलतभाऊ असल्यासारखं वाटायचं. एकदा बालविभागात नवीन मुलांना ऐटीत सांगितलं, "मी इथला ग्रंथपाल!"

दोन वेण्यांची एक चिमुरडी वर बघत म्हणाली, "आणि ती ट्यूबलाइटमागे आहे, ती पण ग्रंथपालच ना?"

बघतो तर खरंच एक लठ्ठ पाल.

"हो," मी म्हटलं, "पण ती परमनंट आहे!"

*

शिक्षणात मी कुठे कमी पडलो नाही हो. बी.लिब. झालं, एम.लिब. झालं, कॉलेजातल्या नोकरीसाठीची सेटची परीक्षा पण पास झालो. आई मूळची कळंबची, मनातलं सगळं मोठ्याने बोलणारी. तिने निकालाच्या दिवशी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. "आमचा नितीन सेट झाला!"

शेजारच्या काकूंनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "अय्या, कुठे?"

आईने त्यांच्या हातात आणखी एक पेढा कोंबला. मग म्हणाली, "कुठं ते नाय ठावं. पन झाला!"

*

मग कॉलेजांचे इंटरव्ह्यू सुरू झाले. एका ठिकाणी समोर चार जण, चौघांच्या हातात मोबाइल. त्यातले एक सर म्हणाले, "आता सगळं यावरच मिळतं. मग लायब्ररियन हवा कशाला?"

माझी जीभ वळवळली. "मग सर, जाहिरात कशाला दिलीत?"

कोपऱ्यातल्या मॅडम भोळेपणाने म्हणाल्या, "अहो, तपासणीला कमिटी येणारे ना!"

शेवटी सगळे एका सुरात म्हणाले, "कळवतो." आमच्या लाइनमध्ये 'कळवतो' म्हणजे 'नाही'. फक्त बोलायला जरा गोड.

*

आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसून कोणी पोलीस झालं, कोणी तलाठी. परवा एक मुलगी नोकरीला लागली. पेढे घेऊन आली, पाया पडली आणि म्हणाली, "सर, या खुर्चीत काहीतरी आहे! जो बसतो तो लागतो."

मी फुशारून गेलो.

"म्हणून म्हणते सर, तुम्ही पण अधूनमधून टेबलाच्या या बाजूला बसत जा!"

*

आमच्याकडे पगार म्हणायची पद्धत नाही, मानधन म्हणतात. मान रोज मिळतो, धन सरकारी अनुदान आलं की. आता वाचनालयाची एक रीत सांगतो. मागणीचं पुस्तक बाहेर गेलेलं असेल तर आम्ही वाचकाचं नाव लावून ठेवतो. पुस्तक आलं की पहिला फोन त्याला.

एकदा धीर करून अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, "भाऊ, मानधन थोडं वाढवा की. लग्नाचं बघतायत घरी."

भाऊ गोड हसले. "अनुदान बाहेर आहे रे अजून. तू असं कर, नाव लावून ठेव!"

हे मी आमच्या डॉमनिक सरांना सांगितलं. निवृत्त शिक्षक, रोज पेपर वाचायला येतात, येताना वाडीतली केळी आणतात. त्यांनी मानधनाचा आकडा विचारला, मी सांगितला. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून थेट माझ्याकडे आले.

"नितीन, तुझा पगार मी फादरना सांगितला. ते म्हणाले, त्याला कन्फेशनला पाठवू नका. एवढ्या पैशात पाप करायला परवडतच नाही!"

*

आता लग्नाचं. सरकार वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतं, आणि आमचं वाचनालय ब वर्गात आहे. मामाने माझ्या बायोडाटात जागा वाचवायला नुसतं लिहिलं, 'ग्रंथपाल, ब वर्ग'. एका मुलीच्या वडिलांनी, फुलपाड्याच्या पाटीलकाकांनी, त्याचा अर्थ लावला, गट ब, म्हणजे क्लास टू ऑफिसर!

आम्ही मुलगी बघायला गेलो तर काय थाट! "साहेब, इकडे पंख्याखाली बसा." मला वाटलं, व्वा, पुस्तकांना मान देणारी माणसं आहेत.

मुलीचं नाव मेघना. वसईला एका कंपनीत अकाउंट्स बघते. गॅलरीत बोलताना मी तिला पालीचा किस्सा सांगितला. "पण ती परमनंट आहे" म्हटल्यावर ती एवढी हसली की कपातला चहा बशीत सांडला. खरं सांगतो, मला ती तिथेच आवडली. आधीची तीन स्थळं पगारावरून मोडली तेव्हा मला नुसता राग आला होता. हे मोडू नये असं मनापासून वाटत होतं.

पुढच्याच रविवारी पाटीलकाका न सांगता जावयाचं ऑफिस बघायला आले! मी नाकाला रुमाल बांधून, स्टुलावर चढून जाळी काढत होतो.

"ए भाऊ, ग्रंथपाल साहेब कुठे बसतात?"

मी रुमाल खाली केला. "मीच की, काका."

"अरे! मग शिपाई रजेवर आहे का?"

"शिपाई पण मीच."

काकांनी खिशातून माझा बायोडाटा काढला. "आणि ते ब वर्ग?"

"ते वाचनालय आहे, काका. मला अजून कोणी वर्गात घेतलेलं नाही."

काका बराच वेळ 'शांतता राखा'च्या पाटीकडे बघत राहिले. पाटी वाचणारा पहिला माणूस! मग चप्पल घालत म्हणाले, "कळवतो."

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "पोरगी चांगली व्हती रे." रात्री दोघंही नीट जेवलो नाही.

*

आठवडा गेला, फोन नाही. शनिवारी संध्याकाळी मान वर केली तर काउंटरसमोर मेघना!

"मेंबर व्हायचंय," ती म्हणाली.

मी फॉर्म दिला. तिने शांतपणे भरला. शेवटी मी न राहवून विचारलं, "काका काय म्हणाले?"

"बाबा म्हणाले, त्याच्या नोकरीत काही दम नाही, तू नीट विचार कर."

"मग?"

तिने फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि एका पुस्तकाचं नाव सांगितलं. नेमकं तेच बाहेर गेलेलं, त्याला सगळ्यांचीच मागणी. मी इतका गोंधळलेलो की सवयीचंच वाक्य बाहेर पडलं.

"बाहेर आहे. नाव लावून ठेवू का?"

अभ्यासिकेतल्या पोरांनी माना वर केल्या. मेघनाने पेनाला टोपण लावलं, पेन माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली,

"नाव मी लावेन की. तुमचं लावलं तर चालेल?"