उतरंडीत आऊट नव्हता

महेबूबचाचांची सहल सुरू व्हायची ती सायकल उलटी करून. पोरं एसटीतून उतरली, की ते सीट आणि हँडल जमिनीला टेकवायचे, मागचं चाक गरागरा फिरवायचे आणि विचारायचे, "बघा, डुलतंय का? न्हाई ना? म्हंजे ह्यात आऊट न्हाई. चला आता, दगडं बघू." पोरं खिदळायची. दगड बघायला आलो आणि हा माणूस चाक काय दाखवतोय!

मुखेडात बसस्टँडसमोर चाचांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. वाकडं फिरणारं चाक तारा आवळून सरळ करायचं, म्हणजे आऊट काढायचा. त्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. रविवारी दुकानाला कुलूप लावून ते आमच्या शाळेच्या पोरांना दगड दाखवायला न्यायचे. देगलूरच्या बाजूला जाताना आपली काळी माती कुठंतरी संपते, लालसर मुरूम लागतो आणि मग हत्तीएवढे गोटे एकमेकांवर चढून बसलेले दिसतात. मी भूगोलाचा मास्तर. ग्रॅनाइट, विदारण वगैरे फळ्यावर लिहायचो. पोरांच्या लक्षात राहायचे ते चाचा.

त्यांची सगळ्यांत लाडकी म्हणजे 'उतरंड'. मडकी रचावीत तसे तीन गोटे एकावर एक. वरचा तर इतका थोडक्यावर टेकलेला, की खाली उभं राहिलं की मान आपोआप आत जायची. चाचा गुडघ्यावर बसायचे, एक डोळा मिटून चाक बघावं तसं तिच्याकडं बघायचे. "हात लावा, धक्का देऊ नका. लई पुरानी चीज हाय."

मी एकदा चेष्टेनं म्हणालो, "चाचा, पडली तर?"

"पडणारी चीज आधी डुलती, सर. तुमी पुस्तकात बघा, मी डोळ्यानं बघतो."

मग किल्लारीचा भूकंप झाला. आम्हीही हादरलो. सकाळी सगळं मुखेड रस्त्यावर बसलेलं, घरात पाऊल टाकायची कुणाची छाती नव्हती. चाचा मात्र सायकल काढून गेलेले. दुपारी घामानं निथळत परतले ते थेट माझ्याकडं. "सर, एवढा जलजला आला, पण उतरंड सूतभर हलली न्हाई!"

मला रागच आला. "तिकडं गावंच्या गावं गाडली गेली चाचा, आणि तुम्ही दगड बघायला गेलात?"

ते ओशाळले. "दगडाखाली वस्ती हाय ना, सर. माणसं हायेत. म्हणून गेलतो."

त्या वस्तीनं मात्र धसका घेतला होता. उतरंड फोडा म्हणून लोक पंचायतीत बसले. त्यांचंही काय चुकलं? चाचा घरोघर फिरले, हातापाया पडले. शेवटी ठरलं, की भूगोलाच्या सरांचं पत्र आणायचं. सर पडत नाही म्हणाले, तर ठेवायची. चाचांचा जीव भांड्यात पडला. "सर हायेत ना आपले," असं ते सगळ्यांना सांगत सुटले.

तेव्हा लातूरला शिकवणीवर्गांचं पेव फुटलं होतं. मला एका क्लासचं बोलावणं आलं होतं आणि मी बिऱ्हाड बांधत होतो. पंचायतीचा माणूस दारात उभा. जाऊन नीट बघायचं, तर अख्खा दिवस मोडणार. उद्या काही झालं, तर ते आपल्या गळ्यात नको. बांधलेल्या ट्रंकेवर कागद ठेवून मी लिहिलं, "सदर खडक कोसळण्याची शक्यता नाकारता येत नाही." खाली वळणदार सही. शक्यता नाकारता येत नाही म्हणे! अहो, कशाची नाकारता येते?

उतरंड पाडायला तीन सुरुंग लागले. पहिल्या दोनांना ती दाद देईना, असं आमचा शिपाई सांगत होता. चाचा तिथं आडवे उभे राहिले होते. कुणीतरी त्यांना माझं पत्र वाचून दाखवलं. "सरांनी लिवलंय?" एवढंच विचारलं त्यांनी, आणि बाजूला झाले. सायकलवर बसलेसुद्धा नाहीत. ती हातात धरून चालत गेले.

माझी शेवटची सहल आधीच ठरलेली होती, टाळता आली नाही. चाचांनी नेहमीसारखी सायकल उलटी केली, चाक फिरवलं. तिथं पोचल्यावर सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "चाचा, उतरंड कुठं गेली?"

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी चष्मा पुसत होतो.

"जलजल्यात पडली, बेटा," चाचा म्हणाले.

परतताना मी कसंबसं म्हणालो, "चाचा, माझं चुकलं…"

"दगड गेला तो गेला, सर. पोरांपुढं मास्तर पडू न्हाई."

मी लातूरला गेलो, नाव काढलं. पुढं कधीतरी वाचलं, की असे तोललेले दगड उभे असले, तर त्या जागी हजारो वर्षांत जमीन फार जोरानं हललेली नाही असं शास्त्रज्ञ धरतात. चाचा डोळ्यानं बघत होते ते पुस्तकात होतंच, मी उघडलं नव्हतं. चाचा गेल्याचा निरोप आला, त्या दिवशी क्लासमध्ये सराव परीक्षा होती. मातीला गेलो नाही. लाज वाटते सांगायला, पण नाही गेलो.

मागच्या वर्षी 'उतरंड कुठं गेली' विचारणारी ती मुलगी भेटली. आता तीही शिक्षिका आहे. "सर, भूकंपात पडलेली ती उतरंड आठवते? मी माझ्या वर्गात दरवर्षी सांगते."

मी म्हणालो, "आठवते की."

चाचा मला वाचवायला एकदा खोटं बोलले. मी तेच पुन्हा बोललो, तेव्हा वाचवण्यासारखं माझ्यात काय उरलं होतं? म्हणून आज लिहून टाकतो. पोरी, तुझ्या वर्गात हे वाचून दाखव. उतरंड भूकंपात पडली नाही. ती तुझ्या सरांनी पाडली. तिच्यात आऊट नव्हता.