काकूंनी खेळ बदलला तेव्हा

कानावर हेडफोन चढवला की काकू त्याची एक वाटी कानामागे सारायच्या, माईकवर नखाने दोनदा टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "हं. कोन कुठी हाये, बोला."

मग आम्ही तिघे बाप्ये वर्गात हजेरी दिल्यासारखं आपापलं ठिकाण सांगायचो.

"मी चंद्रामागं."

"मी तळावर."

"माह्यं जहाज पेटून राह्यलं, काकू!"

"पेटू द्या. तुमचा नंबर आला का बोला."

हे जहाज अंतराळातलं आणि काकू साठी ओलांडलेल्या. पहिल्यांदा ऐकणारा माणूस माझ्याकडे संशयाने बघतो. तुम्हीही बघत असाल तर माझी हरकत नाही. सुरुवातीचे कित्येक दिवस मी स्वतःच आ वासून त्यांच्याकडे बघत होतो.

खामगावात माझं सायबर कॅफे होतं. पाच संगणक, त्यातले चार चालू. दुपारी लाईट आली की गिऱ्हाईक येईपर्यंत आम्ही तिघे खेळायचो: मी, मोटारपंप दुरुस्त करणारा गजू आणि शाळेतून सुटलेले ड्रॉइंगचे मास्तर. खेळ इंटरनेटवरचा, त्यामुळे जगभरातले खेळाडू त्यात असायचे. तो खेळण्याच्या दोन तऱ्हा होत्या. एकात सगळे खेळाडू एका बाजूला आणि संगणकाची शत्रुसेना समोर. त्याला आम्ही सोबतीचा खेळ म्हणायचो. दुसरा मारामारीचा. त्यात जो तो एकटा, दिसेल त्याला पाडायचं. सोबतीच्या खेळात सारखं बोलावं लागतं. माल कोणी न्यायचा, राखण कोणी करायची, मोडकं जहाज कोणी दुरुस्त करायचं. मारामारीत बोलायची गरजच नसते.

काकू आमच्याच गल्लीत धाकट्या बहिणीबरोबर राहायच्या. दोघी बिनलग्नाच्या. एक दिवस काकू रेल्वेच्या तिकिटाचं प्रिंट काढायला आल्या. आम्ही तिघे एकाच वेळी बोंबलत होतो आणि आमची जहाजं फटाक्यांसारखी फुटत होती. काकू पाठीमागे उभ्या राहिल्या, दोन मिनिटं बघितलं आणि माझ्या कानावरचा हेडफोन सरळ काढून घेतला.

"तिघं संगंच बोलले तं कोनाचं काम होईन? एक नंबर बोला. बाकीचे चूप."

त्या दुपारी आम्ही महिनाभर अडकलेला टप्पा पार केला. मास्तरांनी उभं राहून नमस्कार केला. प्रिंट काकू विसरूनच गेल्या.

काकू टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या होत्या. महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हा त्या ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे कॉल जोडायला, बसल्या. मुंबईचा कॉल लागायला अर्धा दिवस जायचा, तो काळ. त्यामुळे खेळात त्यांना नावं चालायची नाहीत, सगळ्यांना नंबर. कुठल्या तरी परदेशातला एक खेळाडू मध्येच बोलला की त्या खास बोर्डावरच्या इंग्रजीत सांगायच्या, "वेट प्लीज, पार्टी इज स्पीकिंग." तो गडी बिचारा थांबायचाही. पुढे पुढे तो खेळायला आला की आधी 'मॅडम आहेत का' असं विचारायचा. आम्ही आहोत की नाही याची त्याला पर्वा नव्हती.

मी खोदून खोदून विचारायचो, "काकू, इतकी वर्षं लोकांचं बोलणं कानावर पडलं. काही तरी सांगा ना!" एकदा एका कापूस व्यापाऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्याचा मुंबईशी फोनवर ठरलेला भाव विचारला होता, तेव्हा काकूंनी त्याला साहेबांसमोर उभं केलं होतं. एवढंच सांगायच्या, आणि तेही ताठ मानेने. "बोर्डावरचं बोर्डावरच ठेवाचं. आयकलेलं वापरलं का मानूस गेला." बाईंना आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान होता, तो हा.

मारामारीच्या खेळाला तर त्या हातही लावायच्या नाहीत. "समोर कोन हाये ते ठाऊक असल्यावर गोळी कशी घालू?"

मग आठवडाभर काकू फिरकल्याच नाहीत. आणि एका मंगळवारी त्या आल्या, कोपऱ्यातल्या संगणकावर बसल्या, हेडफोन बाजूला ठेवला आणि मारामारीचा खेळ उघडला.

आम्ही हसत हसत मागोमाग शिरलो. पाच मिनिटांत हसू जिरलं. आधी गजू पडला, मग मास्तर, मग मी. मी घाबरलो की चंद्रामागे लपतो. काकू तिथे आधीच उभ्या होत्या. गजूचं इंधन कधी संपतं, मास्तर कुठल्या बाजूला बघायचे विसरतात, सगळं त्यांना पाठ. पाठ असणारच. आठ महिने आम्हीच तर त्यांना सांगत होतो कोण कुठे आहे ते!

"काकू, हे काय?" गजू ओरडला. काकूंनी मान वळवली नाही.

आठवडाभर हेच. येणार, तोंडातून शब्द नाही, आम्हाला वेचून पाडणार आणि जाणार. मला धक्का बसला होता, मग राग आला. माझा राग म्हणजे दूध उतू जातं तसा, गॅस बंद करेपर्यंत ओट्यावर. सोमवारी मी उठून त्यांच्या खुर्चीपाशी गेलो आणि म्हणालो,

"आमचं सारं आयकून ठेवलं अन् आता आमच्यावरच वापरून राह्यल्या? एक्स्चेंजमधीबी असंच करत होत्या काय?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. काहीच आलं नाही. मग त्या उठल्या आणि चपला पायात अडकवून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांची बहीण आली. बालवाडी चालवलेली बाई, आवाज मऊ.

"भाऊ, ताईचा आवाज गेला. घशात गाठ हाये. पंधरा दिवस झाले, शब्द निंघत नाही. सांगू नोको म्हने कोनाले."

"मग खेळायला काऊन येत होत्या?"

"मीबी तेच इचारलं. तं लिहून देल्लं, 'सोबतीच्या खेळात बोलावं लागते. दुसऱ्यात नाही लागत.' तुमच्यात बसाले भेटे ना तिले. घरी माह्यासंगं किती बसीन?"

मला स्वतःची लाज वाटली, इतकी की बाईंना बसा म्हणायचंही सुचलं नाही.

शुक्रवारी अकोल्याला ऑपरेशन होतं, स्वरयंत्र काढायचं. मी सकाळच्या एसटीने गेलो. काकू हिरव्या कपड्यांत खाटेवर बसल्या होत्या, मांडीवर वही आणि पेन्सिल. बहीण औषधं आणायला खाली गेली होती. मी त्यांचे पाय धरले. "काकू, मी बोललो ते चुकलं. तुम्ही तसं कधीच केलं नसणार."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग वही घेऊन बराच वेळ लिहीत बसल्या, सुवाच्य कार्यालयी अक्षरात, आणि पान फाडून मला दिलं.

'एकदा केलं होतं. धाकटीची सोयरीक ठरली होती. मुलाकडच्यांचा कॉल माझ्या बोर्डावर आला. मी ऐकला. मुलाचं मुंबईत आधीच लग्न झालं होतं. कसं कळलं हे घरी सांगता येईना. मुलाकडच्यांना आमच्याकडून नकार कळवला, आणि घरी सांगितलं की त्यांनीच नाही म्हटलं. त्यानंतर हिने कोणालाच दाखवून घेतलं नाही. तिला अजून माहीत नाही.'

मी दोनदा वाचलं. ज्या एका गोष्टीवर बाई आयुष्यभर ताठ चालल्या, तिच्यावर मी रागाच्या भरात बोट ठेवलं होतं, आणि ते नेमकं जखमेवर पडलं होतं.

"तुमच्या बहिनीले सांगू काय मी?" मी विचारलं.

काकूंनी पेन्सिलीसाठी हात पुढे केला. तेवढ्यात नर्स आली, वॉर्डबॉय आला, खाट हलली. बहीण धावत धावत औषधांची पिशवी घेऊन आली. दार बंद झालं.

काकू त्या दारातून परत आल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं.

तेराव्यानंतर बहीण कॅफेत आली. गजू आणि मास्तर उठून उभे राहिले. तिने कोपऱ्यातल्या खुर्चीवरून हात फिरवला, मग तिथेच बसली.

"दवाखान्यात तिनं तुमाले काई लिहून देल्लं म्हने. नर्स सांगत होती."

मी, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही असं सगळी गल्ली म्हणते, म्हणालो, "खेळातलंच होतं."

"असन. खेळाचं लय वेड लागलं होतं तिले." ती थोडं हसली. "भाऊ, मले तं कोनी पसंतच नोतं केलं. एक जागा ठरली होती, त्याईनंबी नाही म्हनलं. ताई होती म्हनून जनम निंघाला माह्या. तिनं लग्न नाही केलं, माह्यापायी."

मास्तरांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत ती काकूंबद्दल बोलत राहिली आणि मी हो हो म्हणत राहिलो. ते पान माझ्या शर्टाच्या खिशात होतं. ती उठून घरी गेली तेव्हाही तिथेच होतं.