हिरामणची तसबीर

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये महिपतीचं फ्रेमचं दुकान होतं. गिऱ्हाईक बहुतेक सिंधी, त्यांना झगमगती सोनेरी पट्टी हवी. महिपती मात्र चित्रावर पट्टीचा कोपरा ठेवून रस्त्यापलीकडून बघायचा. "चौकट आधी दिसली तर काम फुकट," म्हणायचा. मनाला पटलं नाही तर गिऱ्हाईक परत. या नखऱ्यावरून मी त्याला पुष्कळ शिव्या घातल्यात.

नव्वद साली मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात आमच्या युनियनचा हिरामण भाजून मेला. वर्ष झालं तेव्हा आम्ही गेटसमोर सभा ठेवली. ओळखपत्रावरच्या फोटोवरून मी पेंटरकडून मोठं चित्र काढून घेतलं. कोट-टाय घाल, हे मीच सांगितलं. आमचा माणूस साहेबापेक्षा कमी नाही, बघू दे मालकाला!

फ्रेम निवडायला हिरामणच्या बायकोला, कौसाबाईला, दुकानात नेलं. चित्र बघून तिने पदर तोंडाला लावला.

"ह्यो माजा घरवाला नाय."

"वहिनी, चेहरा तरी बघा!"

"कुनाचा सायब आनलाय ह्यो?"

मी भडकलो. सभा परवावर आलेली.

"नेते, बाहेर बसा," महिपती म्हणाला. "तुमच्या कोटाने माणूस खाल्ला." मग तिच्याकडे वळला. "ताई, अंगावर काय असायचं त्यांच्या?"

"खाकी शर्ट. खांद्याला पंचा, लाल काठाचा."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. महिपतीने चित्रावर खाकी जाड कागद बसवला होता. त्याला मधे कापलेली खिडकी हनुवटीखाली संपत होती. कोट, टाय, सगळं कागदाआड. खिडकीभोवती हाताने ओढलेल्या दोन लाल रेघा, एक जाड, एक बारीक. बाहेरून साधी सागवानी पट्टी. सोनं औषधालाही नाही. भांडायला तोंड उघडलं होतं, पण हिरामण सरळ माझ्याकडे बघत होता.

कौसाबाईने काचेवरून बोट फिरवलं, हनुवटीच्या वणापाशी थांबवलं.

"हां. ह्योच."

मग तसबीर उचलून छातीशी धरली. "गेटावर नाय देनार. तिथंच जळला तो. घरी नेते."

"वहिनी, उद्या चारशे माणूस येणार!"

"येऊ द्या की. तुमी बोला."

महिपतीने तसबीर वर्तमानपत्रात गुंडाळली, सुतळी बांधली आणि तिच्याच हातात दिली. मला विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी गेटसमोर रिकाम्या खुर्चीला हार घालून आम्ही सभा घेतली.